सरकती पुळण

आंजर्ल्याची पुळण पाहून आलो असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, कधी गेला होतात? दिवाळीनंतर की शिमग्याला? भरतीला की सुकतीला? माणसं जरा गोंधळतात. समुद्रकिनारा आज बघितला काय नि पुढच्या वर्षी बघितला काय, तो कुठे पळून जाणार आहे, असं आपण धरून चालतो. गुहागरसारखी लांबलचक पुळण डोळ्यांसमोर असली तर तसं वाटायला हरकतही नाही. पण नदी समुद्राला मिळते तिथली वाळू खरोखरच पळून जाते. मग परत येते, आणि येते ती दुसऱ्याच आकारात.

दापोली तालुक्यात हर्णैच्या उत्तरेला पाजपंढरी, मग खाडी, आणि खाडीपलीकडे आंजर्लं. खाडी जोग नदीची. सह्याद्रीच्या पश्चिम अंगाच्या नद्यांना समुद्र गाठायला फार चालावं लागत नाही, आणि जोग त्यांच्यातही आखूड. पण दापोलीच्या डोंगरावर पाऊस पडतो साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ते पाणी जांभ्याची तांबडी माती आणि काळ्या कातळाची झीज घेऊन खाडीत उतरतं. उन्हाळ्यात त्याच नदीला वरच्या अंगाला जेमतेम धार उरते, आणि खाडीत जे पाणी दिसतं ते भरतीबरोबर आत आलेलं समुद्राचं. म्हणजे वर्षातले चार महिने नदी समुद्रात जाते आणि उरलेले आठ महिने समुद्र नदीत येतो. पुळण या दोघांच्या मध्ये पडलेली. तिला या दोघांचंही ऐकावं लागतं.

हर्णैकडून यायचं तर पूर्वी होडीने खाडी ओलांडावी लागे. आता पूल आहे, गाड्या थेट गावात येतात. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारी अरुंद वाट, जांभ्या चिऱ्याचे गडगे, आणि वाडी संपली की एकदम समोर पाणी. पाहुणे बहुतेक करून गावासमोरच्याच पुळणीवर रमतात. तिथून दक्षिणेकडे, खाडीच्या तोंडाच्या दिशेने, चालत जाणारे थोडे. मला तीच वाट आवडते. सुरूच्या बनाची सावली मागे पडते, माणसांचे आवाज मागे पडतात, मर्यादवेलीचे जाड पानांचे वेल वाळूवर पसरलेले दिसू लागतात. या वेलीचं नाव ज्याने ठेवलं त्याने ती नीट पाहिली होती. उधाणाचं पाणी पोचतं त्या रेषेच्या जरा वर ती सुरू होते आणि स्वतःच्या मुळांनी वाळू धरून ठेवते. वादळी वर्षी समुद्र तिला उखडून नेतो, तेव्हा ती पुन्हा मागून पुढे सरपटत येते. जांभळी फुलं मात्र सकाळी बघावीत, उन्हाबरोबर ती मिटतात.

तोंडाजवळ आलं की पायांना आधी कळतं. गावासमोरची वाळू दाबली गेलेली, टणक. इथली भुसभुशीत, मध्येच पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. वारा समुद्रावरून येत असला तरी मधूनच खाडीकडून खाजणाचा वास येतो, चिखल आणि कुजकी पानं यांचा तो उग्र वास. आतल्या काठाला तिवरं, कांदळ, कमरेएवढी मारांडी. एका बाजूला लाटा मोडताहेत, दुसऱ्या बाजूला पाणी स्थिर आहे, आणि मधला वाळूचा दांडा काही ठिकाणी इतका निमुळता की दोन्हीकडचं पाणी एकाच नजरेत मावतं. नैर्ऋत्येला सुवर्णदुर्गाची तटबंदी. दांड्याच्या टोकाला थंडीच्या दिवसांत कुरवांचा थवा बसलेला असतो. शेकड्यांनी पक्षी, आणि झाडून सगळे वाऱ्याकडे तोंड करून. वारा पिसांत शिरू नये म्हणून ते तसे बसतात. वाऱ्याची दिशा बदलली की एकेक करून सगळा थवा वळतो. मी हे कितीही वेळ बघू शकते.

एकदा मी सुकतीच्या शेवटी तिथे बसले होते. नारळाचं एक सोडण पाण्याबरोबर बाहेर चाललं होतं. खाडी रिकामी होत होती, पाण्याला ओढ होती, आणि सोडण चांगल्या वेगाने समुद्राकडे निघालं होतं. तोंडाशी, जिथे बाहेर जाणारं पाणी येणाऱ्या लाटांना भिडतं, तिथे पाणी उभं राहिल्यासारखं दिसतं. लाट पुढेही येत नाही, मोडतही नाही, जागच्या जागी उसळत राहते. सोडण त्या उसळीत शिरलं, दोनतीनदा वरखाली झालं, थोडं पुढे गेलं. मग त्याचा वेग कमी होत गेला. हळूहळू ते थांबलं. किती वेळ थांबलं ते मी मोजलं नाही, पण त्या वेळात खाडीचा सगळा पृष्ठभाग गुळगुळीत झाला होता. फेसाची जी रेघ मघापासून बाहेर वाहत होती ती सैल पडून पसरली. आणि मग सोडण परत निघालं, आधी आपल्याला भास होतोय असं वाटावं इतकं सावकाश, नंतर निश्चित. आल्या वाटेने आत, पुलाच्या दिशेने. भरती लागली होती.

त्या वेळी जवळच एक बाई वाळूत मुळे, म्हणजे शिंपले, काढत होती. हातात विळीच्या पात्यासारखं काहीतरी, शेजारी प्लास्टिकचं घमेलं. ती वाकल्या वाकल्या म्हणाली, "ताई, आता उठा. तिकडच्या अंगाने पाणी येतं." मी समुद्राकडे बघत होते, तिने हात दाखवला तो माझ्या पाठीमागे, खाडीच्या बाजूला. तिकडची वाळू सपाट आणि खोल होती, पाणी तिथून आधी भरून येत होतं. मी विचारलं, "मावशी, नेहमी इथेच मुळे मिळतात का?" "छे हो. गेल्या साली तिकडे होते," तिने खाडीच्या मधोमध, आता पाण्याखाली गेलेल्या जागेकडे बोट केलं. "वाळू हलली की तेही हलतात. आपण शोधायचं."

वाळू हलते म्हणजे काय होतं ते समजून घेतलं की या किनाऱ्याकडे बघण्याची तऱ्हा बदलते. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्याने उंच लाटा एकामागोमाग येतात. त्या किनाऱ्यावरची वाळू उपसून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा करून ठेवतात. श्रावणात गेलात तर पुळण बारकी झालेली दिसेल, वरच्या अंगाला वाळूचा कडा तुटलेला, सुरूची मुळं उघडी पडलेली. नवख्या माणसाला वाटावं, हा किनारा आता संपला. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवत जातो. लाटा बुटक्या होतात, जास्त अंतराने येतात, आणि पाण्याखाली ठेवलेली तीच वाळू थोडी थोडी करून परत काठाला लावतात. होळीच्या सुमाराला पुळण भरलेली असते. हे कोकणात सगळीकडेच होतं. तोंडाशी मात्र या व्यवहारात नदी हात घालते. पुराचा लोंढा समोरचा दांडा फोडून स्वतःची वाट काढतो, पूर ओसरला की समुद्र ती वाट बुजवायला लागतो. दरवर्षी फुटण्याची जागा तीच असेलच असं नाही, आणि बुजण्याचीही नाही.

दांड्याच्या उतारावर कधीकधी काळ्या रेघा दिसतात. कुणाला ते तेल वाटतं, कुणाला घाण. ती वाळूच असते. शिंपल्याच्या एखाद्या तुकड्यामागे ही काळी वाळू साठून राहते, कारण ती जड असते. पाणी मागे फिरताना हलके पांढरे कण घेऊन जातं, जड काळे कण मागे ठेवतं. चिमूटभर उचलून तळहातावर घ्यावी. पांढरा भाग मोडक्या शिंपल्यांचा, याच पाण्यात जगलेल्या जिवांचा. काळे कण बारीक आणि चकाकते. लोहचुंबक फिरवला तर त्यातले कितीतरी त्याला चिकटतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा थिजून सह्याद्रीचा काळा कातळ झाला, त्याची ही झीज. ओढ्यांनी ती खाली आणली, नदीने खाडीत टाकली, समुद्राने निवडून काठावर मांडली. किनाऱ्याला वाळू कुठून येते हा प्रश्न आपण विचारतच नाही. ती येते डोंगरातून नदीच्या पाण्याबरोबर, आणि समुद्रातून लाटेबरोबर. यातली एक वाट अडली, नदीवर बांध पडले किंवा पात्रातली वाळू ट्रकांनी उपसली गेली, तर मैलोगणती दूर असलेली पुळण उपाशी राहते. पुळणीवर बसून ते दिसत नाही, म्हणून ते होऊ दिलं जातं.

आंजर्ल्याच्या लोकांना समुद्र सरकतो हे फार जुनं ठाऊक आहे. गावाच्या डोक्यावर कड्यावरचा गणपती आहे. आजचं दगडी देऊळ १७६८ ते १७८० या काळात उभं राहिलं. आत उजव्या सोंडेची मूर्ती. पण गावात कथा सांगतात ती त्याच्या कितीतरी आधीची. अजरालयेश्वर आणि सिद्धिविनायक यांची देवळं पूर्वी खाली समुद्रकाठी होती, पाणी आत येऊ लागलं, देवळं बुडायला आली, तेव्हा गणपती स्वतः पाऊल टाकून टेकडीवर गेला. ते पाऊल वर दाखवतातही. मला ही कथा फार मोलाची वाटते. समुद्राने जागा मागितली, देवाने दिली आणि वर जाऊन बसला. ज्या समाजाने ही कथा जपली त्याच्या पूर्वजांनी पाणी पुढे आलेलं डोळ्यांनी पाहिलं असलं पाहिजे, आणि त्यावर मागे सरणं हा त्यांना पराभव वाटला नसला पाहिजे. शेजारच्या मुर्डीत १९१३ साली श्री. ना. पेंडसे जन्मले. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं अशाच भूमीतली आहेत, डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर घर करून राहिलेली.

समुद्र जागा मागतो तेव्हा प्रेमाने मागतो असं मात्र कुणी समजू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला ते जमिनीवर चढलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यालाही त्याने झोडपलं. आंजर्ल्याच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात, नारळालाही तितकीच. ज्यांचं घर त्या बागेवर चालतं त्यांची एका दुपारीत किती वर्षं गेली याचा हिशेब बाहेरच्याने करू नये. सुरूही पडले. सुरू हे इथलं झाड नाही, ते मूळचं ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचं. वारा अडवण्यासाठी आपल्या किनाऱ्यांवर त्याची लागवड झाली. त्याच्या सावलीला बसायला मलाही आवडतं. पण त्याच्या सुयांसारख्या पानांचा जो जाड थर खाली साचतो त्यात मर्यादवेल वाढत नाही, आणि वाळू वाऱ्याने वर सरकून टेकाड व्हायची ती होत नाही. वादळानंतर मोकळ्या झालेल्या काही जागांत वेल पुन्हा पसरताना मी पाहिली.

कासवांबद्दल आता बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर काम सुरू केलं आणि ते पुढे या सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. आंजर्ल्यालाही ऑलिव्ह रिडले माद्या थंडीत रात्री येतात, एका खड्ड्यात शंभरेक अंडी घालतात, ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं निघतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या 'प्रथमा'ला आणि आंजर्ल्याच्या 'सावनी'ला उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली, तेव्हा त्या कुठे कुठे जातात ते पहिल्यांदा कळू लागलं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर टॅग लावलेली एक मादी तर गुहागरला अंडी घालताना सापडली. पण मला लक्षात ठेवावीशी वाटते ती दुसरीच गोष्ट. ओडिशात ही कासवं जिथे लाखांनी येतात किंवा येत असत ती ठिकाणं म्हणजे गहिरमाथा, देवी नदीचं मुख, रुषिकुल्येचं मुख. सगळी नदीच्या तोंडाची, सगळी सरकती. रुषिकुल्येचं मुख वाळूच्या दांड्यासकट जागा बदलत आलं आहे, आणि कासवं त्याप्रमाणे आपली जागा बदलत आली आहेत. मुळे काढणाऱ्या मावशी म्हणाल्या तेच.

आपल्याला कायदा करायचा झाला की मात्र एक रेघ लागते. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा आखला आणि ग्रामीण भागात त्यातल्या पहिल्या २०० मीटरांत नवं बांधकाम बंद ठेवलं. पुढे त्यात सवलती येत गेल्या. दाट वस्तीच्या गावांसाठी २०१९ मध्ये तो पट्टा ५० मीटरवर आला. मी त्या कायद्याच्या बाजूची आहे, तो नसता तर कोकणात आज मोकळी पुळण उरली नसती. पण नदीच्या तोंडाशी भरतीरेषा नकाशावर एकदा काढून भागत नाही. ज्या रेघेपासून ५० मीटर मोजायचे ती रेघच दोन पावसाळ्यांत आत येऊ शकते. मालवणजवळच्या देवबागेत हे दिसतं. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळ्या वाळूवर पिढ्यान्‌पिढ्यांची घरं. तिथे दगडी बंधारे घालावे लागले, आणि लोकांनी ते मागितले यात त्यांचं काहीही चुकलं नाही, दारात पाणी आलेला माणूस दुसरं काय मागणार. आंजर्ल्याच्या दांड्यावर घरं नाहीत. गाव मागे आहे, वाड्यांच्या आड. इतकी एकच गोष्ट आहे जिच्यामुळे इथली वाळू अजून हवी तशी वागू शकते. अस्पर्श किनारा हा शब्द मला इथे लागू वाटत नाही. इथे माणसं शतकानुशतकं मासे मारताहेत, होड्या लावताहेत, मुळे काढताहेत. त्यांनी फक्त खुंटी ठोकलेली नाही.

एक प्रश्न मला सोडवता आलेला नाही. हर्णैच्या बंदरात वारा सुटला की होड्या आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत येतात. आत आल्या की सुरक्षित, पण आत यायला तोंडावरचा वाळूचा उंचवटा ओलांडावा लागतो. पाणी कमी असताना, मागून लाट रेटत असताना, होडीचा तळ वाळूला लागला की ती आडवी होते आणि पुढची लाट तिच्यावर मोडते. ज्या वाळूमुळे मला दांड्यावर बसायला मिळतं तीच वाळू तिथे जिवावर बेतते. खाडीतला गाळ काढा, ही मच्छीमारांची मागणी जुनी आहे आणि खरी आहे. वाट मोकळी करणं, ती दरवर्षी करावी लागली तरी करणं, हे मला पटतं. त्यापुढची जी मागणी कधीकधी ऐकू येते, तोंडाच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती घालून वाट कायमची पक्की करण्याची, तिथे माझं मन अडतं. काठाने वाहत येणारी वाळू भिंतीच्या एका बाजूला साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा तिच्यावाचून खचतो. तो किनारा कुणाच्या तरी घरासमोरचा असतो. हे मी किनाऱ्यावर बसून म्हणते आहे, रात्री होडी घेऊन तोंडाशी आलेली नाही, हेही मला कळतं.

जायचं असेल त्याने तिथी बघून जावं. कोकणातली रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळ मानाने मिळते. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, आणि त्या दिवशी उधाण असल्याने संध्याकाळी सहाला पाणी सर्वांत दूर गेलेलं असतं. दांडा पुरता उघडा पडतो, बारक्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती चहूबाजूंनी किरणांसारख्या मांडलेल्या असतात, त्यांच्यावर पाय न देता चालायला जागा शोधावी लागते. अष्टमीच्या भांगाला, भरती-ओहोटी बेताची असते तेव्हा, यातलं फारसं काही दिसत नाही, पण पाण्याची ओढ कमी असते, लहान मुलं बरोबर असतील तर तेच बरं.

आणि तोंडाच्या पाण्यात काठ्या दिसतील, चिंध्या बांधलेल्या. त्या होडीवाल्यांच्या खुणा आहेत, खोल पाणी कुठून जातं ते दाखवणाऱ्या. पावसाळा संपला की ते बांबूने तळ चाचपत जातात, जुन्या काठ्या उरल्या असतील तर उपटतात आणि नव्याने रोवतात. पागाने बोयरी धरणारा एक म्हातारा मला त्या दाखवत होता. या वर्षी त्या आंजर्ल्याच्या अंगाला बऱ्याच आत आल्या आहेत. पाजपंढरीकडची वाट बुजली, म्हणाला, पुढच्या पावसानंतर बघू.